दोन कम्पायलरांमधला सांधा : प्रस्तावना

मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासेमारी करणाऱ्याला ‘मालवण ते वसई’ ही हद्द चांगली ओळखीची आहे. समुद्र उसळणार असला की उंच लाटांच्या इशाऱ्यात राज्याच्या किनाऱ्यासाठी हेच शब्द येतात, आणि पुढे आकडा: तीन मीटर, साडेतीन मीटर, कधी चारच्या वर. १९९९ साली हैदराबादला स्थापन झालेलं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, हा अंदाज देतं. तो ऐकून कुणी होडी वर ओढून ठेवतो, कुणी टाकलेली जाळी लवकर काढून घेतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, तेव्हा अशा अंदाजांवर माणसांचे जीव अवलंबून असतात हे सगळ्या किनारपट्टीने अनुभवलं.

लाटेची उंची सांगणारा आकडा गणितातून येतो, आणि ते गणित करणारा प्रोग्रॅम एका हातचा नसतो. इन्कॉइसमध्ये वापरलं जाणारं वेव्हवॉच-थ्री हे लाटांचं प्रारूप अमेरिकेत वाढलेलं, फोर्ट्रान भाषेतलं. समुद्राच्या प्रवाहांसाठीचं रोम्स हे प्रारूपही फोर्ट्रानमधलंच. दोन्ही आपली उत्तरं नेटसीडीएफ स्वरूपाच्या फायलींत लिहू शकतात. नेटसीडीएफ ही अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या युनिडेटा संस्थेची लायब्ररी. तिचा गाभा सी भाषेत आणि त्यावर फोर्ट्रानसाठी वेगळा थर. तिच्या खाली एचडीएफ-फाइव्ह, तीही सीमध्ये. त्याच्याही खाली माहिती दाबून लहान करणारी झेडलिब. आणि या सगळ्यांच्या शेजारी, शेकडो प्रोसेसरांमध्ये निरोपांची ने-आण करणारी एमपीआय. हे लिहिणारी माणसं वेगवेगळ्या देशांतली आणि वेगवेगळ्या दशकांतली आहेत. त्यांनी लिहिलेले भाग निरनिराळ्या कम्पायलरांतून, निरनिराळ्या दिवशी बाहेर पडलेले असू शकतात. तरीही शेवटी एकच फाइल तयार होते, आणि ती चालवली की लाटेची उंची मिळते. हे एकत्र येणं कसं घडतं, कुठे फसतं, आणि फसलं तरी कळत का नाही, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. कम्पायलर एका वेळी एकच मूळ फाइल हातात घेतो आणि तिची ऑब्जेक्ट फाइल करतो. तिच्यात यंत्राला कळणाऱ्या सूचना असतात, आकड्यांसाठी राखलेली जागा असते आणि नावांची एक यादी असते: ही नावं माझ्याकडे आहेत, ही मला बाहेरून हवी आहेत. जे फंक्शन दुसऱ्या फायलीत आहे त्याचा पत्ता कम्पायलरला ठाऊक नसतो. तिथे तो जागा मोकळी ठेवतो आणि कोणाचा पत्ता भरायचा याची नोंद करतो. अशा अनेक ऑब्जेक्ट फायलींचा गठ्ठा बांधला की लायब्ररी झाली. लिंकर या सगळ्या फायली समोर घेतो, मागितलेली नावं आणि उपलब्ध नावं जुळवतो आणि मोकळ्या जागी पत्ते भरतो. सामायिक लायब्ररी असेल तर पत्ते प्रोग्रॅम चालवताना भरले जातात, पण तत्त्व बदलत नाही.

ही कल्पना जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रासाठी डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार सबरुटीनांचा संग्रह उभा केला. १९५२च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी टेपवरच्या सबरुटीन उचलून एकत्र बांधणारी ए-झीरो ही प्रणाली केली. १९५८ साली आलेल्या फोर्ट्रान-टूने सबरुटीन वेगळी कम्पाइल करण्याची सोय दिली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशातल्या अनेक संशोधकांचे फोर्ट्रान प्रोग्रॅम कार्डांच्या गठ्ठ्यांवरून त्यावर चालू लागले. तेव्हा यंत्र एक आणि त्याचा कम्पायलरही एकच. दोन कम्पायलरांचं जमेल का, हा प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं. तो पुढे पडला, जेव्हा एकाच यंत्रावर चार जणांचे कम्पायलर नांदू लागले.

आता एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायची. लिंकर नाव पाहतो. त्या नावामागचा अर्थ त्याला दिसत नाही. मागणाऱ्याने तीन किमती पाठवल्या आणि घेणाऱ्याला चार हव्या होत्या, तरी त्याला पत्ता नसतो. एकाने चार बाइटचा पूर्णांक ठेवला आणि दुसऱ्याने त्याच जागेवरून आठ बाइट वाचले, तरी तो गप्पच. ही माहिती बहुतेक वेळा ऑब्जेक्ट फायलीत उरलेलीच नसते. कम्पायलरने ती आपलं काम संपताच टाकून दिलेली असते. नाव सापडलं नाही तर मात्र लिंकर थांबतो आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी ओळ पडद्यावर टाकतो. मुलं या ओळीला फार घाबरतात. घाबरू नये. ती आली म्हणजे बिघाड घरातच सापडला, बाहेर गेला नाही. भीती वाटायला हवी ती नाव जुळल्याची, प्रोग्रॅम बिनतक्रार तयार झाल्याची, तो चालल्याची आणि त्याने चुकीचा आकडा शांतपणे छापल्याची.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्याने पाहिली आहे त्याला हे चटकन कळेल. रापणीचं लांबलचक जाळं एका घराचं नसतं. वाटेकऱ्यांचे तुकडे एकमेकांना बांधून ते होतं. कडा बांधल्या की दुरून ते अखंड दिसतं. पण एका तुकड्याचे डोळे मोठे आणि शेजारच्याचे बारीक असतील, किंवा एकाची उंची कमी पडत असेल, तर मासळी नेमकी तिथून निसटते, आणि ते जाळं काठाला लागेपर्यंत कुणाला कळत नाही. लिंकर कडेच्या गाठी बांधतो. डोळे आणि उंची जुळवून घेणं हे तुकडे विणणाऱ्यांनी आधीच ठरवायचं असतं.

ते ठरवलेले नियम म्हणजे एबीआय: ॲप्लिकेशन बायनरी इंटरफेस, तयार झालेल्या यंत्रसूचनांच्या पातळीवरचा करार. पूर्णांक किती बाइटचा, स्ट्रक्चरमधल्या घटकांमध्ये किती बाइट रिकामे सोडायचे, फंक्शनला दिलेली पहिली किंमत कोणत्या रजिस्टरमधून जाईल, काम संपल्यावर स्टॅक कोणी साफ करायचा, मूळ नावाचं ऑब्जेक्ट फायलीत काय रूप होईल, हे सगळं त्यात येतं. भाषेचं मानक यातलं फार थोडं बांधून देतं. सीच्या मानकात ‘इंट’ किमान सोळा बिटांचा हवा एवढीच अट आहे. बाकीचं ठरतं प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कम्पायलर मिळून. आजच्या चौसष्ट बिटी इंटेल यंत्रावर लिनक्समध्ये पहिला पूर्णांक आरडीआय रजिस्टरमधून जातो, विंडोजमध्ये आरसीएक्समधून. ‘लाँग’ लिनक्सवर आठ बाइटचा, विंडोजवर चारचा. ‘लाँग डबल’ तर एकाच विंडोजवरही वेगळा: मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर त्याला आठ बाइटचा साधा ‘डबल’ मानतो, तर जीसीसी या मुक्त कम्पायलरच्या घराण्यातला मिंगडब्ल्यू त्याच्यासाठी ऐंशी बिटांची किंमत वापरतो.

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्या पिढ्यांना यातला पहिला धडा नकळत मिळालेला आहे, फक्त तो धडा आहे असं कुणी सांगितलं नाही. कितीतरी वर्षं आपल्या तंत्रनिकेतनांत आणि महाविद्यालयांत सी भाषा टर्बो सीवर शिकवली गेली. नव्या विंडोजने सोळा बिटी प्रोग्रॅम चालवणं सोडलं तेव्हा डॉसबॉक्समध्ये निळा पडदा उघडून ती शिकवली गेली. विद्यार्थ्यांच्या वहीत ‘इंट दोन बाइटचा’ असं लिहिलेलं असतं, आणि तोंडी परीक्षेत तेच उत्तर बरोबर धरलं जातं. टर्बो सीपुरतं ते खरंही आहे. पुढे नोकरीत जीसीसी हाती आला की तोच इंट चार बाइटचा होतो. दोन वेगळ्या प्रोग्रॅमांत हा फरक असेल तर फारसं बिघडत नाही. एकाच प्रोग्रॅमच्या दोन भागांत असेल तर एका भागाने लिहिलेली रचना दुसरा भाग भलतीकडूनच वाचतो.

टर्बो सीत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे कुणी थांबून पाहत नसे. मेनूमध्ये मेमरी मॉडेल निवडायची सोय असे: टायनी, स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज. स्मॉलमध्ये पॉइंटर दोन बाइटचा, लार्जमध्ये चारचा. म्हणून टर्बो सी बनवणाऱ्या बोर्लंडने एकाच कम्पायलरसोबत मॉडेलनुसार वेगवेगळ्या लायब्रऱ्या दिल्या होत्या. एकाच कंपनीच्या एकाच कम्पायलरमधून आलेल्या दोन ऑब्जेक्ट फायलीही एकमेकांशी न जुळणाऱ्या असू शकतात, हे त्या सहा नावांनी आपल्याला तेव्हाच सांगितलं होतं. शिवाय बोर्लंडच्या फायली ओएमएफ या इंटेलच्या जुन्या स्वरूपात असत, तर मायक्रोसॉफ्टने बत्तीस बिटी विंडोजसाठी सीओएफएफ हे स्वरूप धरलं. एकाचा लिंकर दुसऱ्याची फाइल बहुतेक वेळा घेतच नसे. तो नकार मोठ्याने येई, त्यामुळे त्याचा त्रास असला तरी धोका नव्हता. आज लिनक्सवर जवळपास सगळेच कम्पायलर ईएलएफ स्वरूपात लिहितात, म्हणून फाइल नेहमी उघडते, आणि म्हणूनच आतलं जुळतं का हे पाहण्याची जबाबदारी वाढली आहे.

सी++ने या अडचणीवर अर्धा उपाय काढला. त्या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शनं असू शकतात, म्हणून कम्पायलर नावातच पॅरामीटरांचे प्रकार गुंफतो. ‘ॲड’ नावाचं, दोन इंट घेणारं फंक्शन जीसीसीच्या ऑब्जेक्ट फायलीत ‘अंडरस्कोर झेड तीन ॲड आय आय’ असं दिसतं. तीन म्हणजे नावातली अक्षरं, दोन आय म्हणजे दोन इंट. मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर त्याच नावाची सुरुवात प्रश्नचिन्हाने करतो, बोर्लंडचा ‘ॲट’च्या चिन्हाने. नावंच वेगळी, त्यामुळे हे तिघे एकमेकांशी चुकूनही जोडले जात नाहीत. वर्षानुवर्षं प्रोग्रॅमरांनी याबद्दल कुरकुर केली. माझ्या मते ही कुरकुर अन्यायाची आहे. त्या तिघांचे ऑब्जेक्ट आतून वेगळे रचलेले, त्यांचे आभासी फंक्शनांचे तक्ते वेगळे, चूक फेकून पकडण्याची यंत्रणा वेगळी. नावं सारखी ठेवली असती तर जोडणी झाली असती आणि प्रोग्रॅम चालताना कोसळला असता.

हाच शहाणपणा जीसीसीने २०१५ साली मुद्दाम वापरला. सी++च्या २०११च्या मानकामुळे प्रमाण स्ट्रिंगची आतली रचना बदलणं भाग पडलं. पाचव्या आवृत्तीत त्यांनी नवी रचना आणली, पण जुनीही लायब्ररीत ठेवली, आणि नव्या रचनेच्या नावांत एक वेगळी खूण घातली. जुन्या कम्पायलरने बनवलेली लायब्ररी आणि नव्याने बनवलेला प्रोग्रॅम यांच्यात स्ट्रिंगची देवाणघेवाण असेल तर ती आता जोडणीच्या वेळीच अडते. लोकांना ती अडचण वाटली. खरं तर त्यांच्यावर केलेला तो उपकार होता. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीपासून दुसरी वाट धरली: २०१५ ते २०२२ या व्हिज्युअल स्टुडिओच्या आवृत्त्यांत बायनरी जुळणी टिकवायची असं ठरवलं. त्याआधी प्रत्येक मोठी आवृत्ती ती मोडत असे.

फोर्ट्रानमध्ये मात्र हा प्रश्न सर्वांत खोल आहे, आणि समुद्राचे अंदाज ज्या भाषेत चालतात तीच ही भाषा असल्यामुळे मी या पुस्तकात तिला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. सुरुवात नावापासूनच होते. ‘वेव्ह_हाइट’ हे सबरुटीन जीसीसीचा फोर्ट्रान कम्पायलर जीफोर्ट्रान छोट्या अक्षरांत घेऊन शेवटी एक अंडरस्कोर लावतो. त्याच्या आधीचा जी७७ नावात मुळातच अंडरस्कोर असेल तर शेवटी दोन लावत असे. इंटेलचा कम्पायलर लिनक्सवर एक लावतो, तर विंडोजवर सगळं नाव मोठ्या अक्षरांत करतो. मॉड्यूलच्या आतलं सबरुटीन असेल तर प्रत्येकाची पद्धत पूर्णच निराळी. मॉड्यूलची माहिती ठेवणारी फाइलही प्रत्येक कम्पायलरची स्वतःची; जीफोर्ट्रानने बनवलेली फाइल इंटेलला वाचता येत नाही. म्हणून नेटसीडीएफचा फोर्ट्रान थर ज्या कम्पायलरने बांधला त्याच कम्पायलरने प्रारूपही बांधावं लागतं. सीमधला गाभा मात्र कुणीही बांधलेला चालतो. हा फरक एकदा कळला की नव्या माणसाचे कितीतरी दिवस वाचतात.

पण नावाच्या अडचणी मोठ्याने बोलतात. न बोलणाऱ्या पुढे आहेत. फोर्ट्रान किमती नव्हे, त्यांचे पत्ते पाठवतो. समजा प्रोग्रॅममधला पूर्णांक चार बाइटचा आहे आणि बीजगणिताची लायब्ररी आठ बाइटचे पूर्णांक धरून कम्पाइल केलेली आहे. नाव तेच, जोडणी निर्विघ्न. प्रोग्रॅम १०० ही किंमत असलेला पत्ता पाठवतो, लायब्ररी तिथून आठ बाइट वाचते. पुढचे चार बाइट योगायोगाने शून्य असतील तर इंटेल यंत्रावर उत्तर १०० असंच येतं, आणि चाचणी पास होते. एखाद्या दिवशी शेजारच्या जागेत १ असेल तर तीच किंमत ४,२९,४९,६७,३९६ होते. इतकी मोठी चूक निदान प्रोग्रॅम पाडते. खरी गफलत त्या सगळ्या दिवसांची असते जेव्हा शेजारी शून्य होतं आणि ‘चाललं’ म्हणून ते काम पुढे दिलं गेलं. तर्कमूल्यांचंही तसंच: इंटेलचा फोर्ट्रान ‘खरं’ म्हणजे उणे एक असं ठेवत आला, जीफोर्ट्रान एक ठेवतो. एकाने दिलेलं ‘खरं’ दुसऱ्याने उलटवलं तर ते ‘खोटं’ होईलच याची हमी नाही.

२०१९ साली जगाच्या लक्षात आलेली एक घटना मला या सगळ्या विषयाचं सार वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. लॅपॅक ही रेषीय बीजगणिताची लायब्ररी फोर्ट्रानमध्ये आहे. १९९२पासून तिच्यावर विज्ञानाचा मोठा भार आहे. तिच्या अनेक सबरुटीनांना एका अक्षराची स्ट्रिंग द्यावी लागते: त्रिकोणी मॅट्रिक्स वरचा की खालचा, एवढंच सांगणारी. फोर्ट्रानच्या रूढीप्रमाणे स्ट्रिंग पाठवली की तिची लांबी हा आणखी एक, डोळ्यांना न दिसणारा पॅरामीटर शेवटी जातो. सीमधून लॅपॅक बोलावणाऱ्या असंख्य प्रोग्रॅमांनी ही लांबी पाठवलीच नव्हती. लॅपॅकच्या सोबत येणारा अधिकृत सी थर आणि संख्याशास्त्राची ‘आर’ भाषाही त्यांत होती. लांबी नेहमी एकच असल्याने लॅपॅक ती कधी वाचत नसे, म्हणून अनेक दशकं काही बिघडलं नाही. मग जीफोर्ट्रानचं ऑप्टिमायझेशन सुधारलं. एक सबरुटीन शेवटी दुसरं बोलावत असेल तर आपल्याला मिळालेल्या पॅरामीटरांचीच स्टॅकवरची जागा पुढच्यासाठी वापरायची, असं तो करू लागला. त्या जागेत न पाठवलेल्या लांबीची जागाही त्याने धरली, कारण करारानुसार ती तिथे असायलाच हवी होती. ती नव्हती. तिथे बोलावणाऱ्याच्या स्वतःच्या किमती होत्या, आणि त्या पुसल्या गेल्या. ‘आर’मध्ये गणितं बिघडू लागली तेव्हा शोध सुरू झाला. जीसीसीवाल्यांनी जुन्या प्रोग्रॅमांसाठी ते ऑप्टिमायझेशन आवरणारी सोय दिली आणि ‘आर’ने लांबी रीतसर पाठवायला सुरुवात केली. कुणाचंही एक नाव चुकलं नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत लिंकरने एकदाही तक्रार केली नव्हती. करार मोडलेला होता आणि तो मोडल्याची किंमत फक्त अजून वसूल झाली नव्हती.

त्याच काळात, आठव्या आवृत्तीत, जीसीसीने त्या अदृश्य लांबीचा आकारही चौसष्ट बिटी यंत्रांवर चारवरून आठ बाइटचा केला होता. आणि २०२०च्या दहाव्या आवृत्तीपासून एकाच फायलीत एकाच सबरुटीनला दोन ठिकाणी विसंगत प्रकार पाठवले तर तो इशाऱ्यावर न थांबता कम्पाइल करायलाच नकार देतो. अनेक जुने प्रोग्रॅम त्या दिवशी ‘बिघडले’. सूट देणारा पर्याय लावून पुढे जाण्याआधी त्या प्रत्येक ओळीकडे एकदा पाहावं, ही माझी वाचकाला कळकळीची विनंती आहे.

जिथे रोजचे अंदाज चालतात तिथे हे कसं सांभाळतात? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा क्रे एक्ससी-४० महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत ‘अर्का’ हा नवा महासंगणक आला. प्रत्युषसारख्या क्रेच्या यंत्रांवर प्रत्येक कम्पायलरचं वेगळं वातावरण असतं: क्रेचं, इंटेलचं, जीएनयूचं (म्हणजे जीसीसीचं). वापरणारा एका आज्ञेने वातावरण बदलतो आणि त्याबरोबर नेटसीडीएफ, एमपीआय, बीजगणिताच्या लायब्रऱ्या, सगळ्यांच्या त्या त्या कम्पायलरने बांधलेल्या प्रती पुढे येतात. एकाच लायब्ररीच्या तीन-तीन प्रती ठेवणं डिस्कवर महाग पडतं. पण जुळणीचा प्रश्न माणसाच्या आठवणीवर न सोडता रचनेनेच सोडवण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला ठाऊक नाही. आपल्या लॅपटॉपवरही ही शिस्त पाळता येते, आणि ती कशी, हे चौथ्या प्रकरणात आहे.

तरी प्रत्येक वेळी सगळं एकाच कम्पायलरने बांधता येत नाही. विकत घेतलेली लायब्ररी मूळ प्रोग्रॅमशिवाय येते. जुन्या विभागातली ऑब्जेक्ट फाइल असते, तिचा लेखक निवृत्त झालेला असतो. अशा वेळी जोडणी सीच्या सीमेवर करावी. एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर सगळे कम्पायलर सीच्या फंक्शनांबाबत जवळजवळ एकच करार पाळतात, कारण खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचा दरवाजा सीमध्येच आहे. सी++मध्ये त्यासाठी ‘एक्स्टर्न सी’ आहे. फोर्ट्रानमध्ये २००३च्या मानकाने ‘बाइंड सी’ आणि सीशी जुळणारे प्रकार दिले. अंडरस्कोरचे अंदाज बांधायची गरज तेव्हापासून संपली. सीमेवरून साधे आकडे आणि पत्ते जावेत, पूर्णांकाची रुंदी नावातच सांगणारे प्रकार वापरावेत, सी++ची स्ट्रिंग किंवा फेकलेली चूक पलीकडे जाऊ देऊ नये, आणि ज्या बाजूने मेमरी मागितली तिनेच ती परत करावी. विंडोजवर दोन कम्पायलरांचे दोन वेगळे मेमरीचे साठे असू शकतात. एकाची मेमरी दुसऱ्याने सोडली की प्रोग्रॅम कोसळतो, आणि तोही भलत्याच ठिकाणी. हे नियम थोडेच आहेत, पण त्यांतला प्रत्येक कुणाच्या तरी अनेक रात्रींतून आलेला आहे.

हे मराठीत लिहायचं कारण सरळ आहे. आपल्याकडे या विषयाचं उच्च दर्जाचं काम झालेलं आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. धनंजय ढमढेरे यांचं सिस्टिम प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक देशभर अभ्यासलं जातं, तर आयआयटी मुंबईतच प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेऊन अनेकांना तो कम्पायलर आतून दाखवला. पण मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा कणकवली-सावंतवाडीच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी लिंकरचं प्रकरण बहुधा १९७२च्या डोनोव्हनच्या पुस्तकातून, आयबीएम ३६०च्या उदाहरणांनी शिकते. ती उदाहरणं उत्तम आहेत. त्यांत दोन कम्पायलर मात्र नाहीत. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिच्यासमोर जे येतं ते नेमकं तेच असतं, आणि तेव्हा इंग्रजी संदेशांच्या भिंतीपुढे ती एकटी असते. तिला स्वतःच्या भाषेत आधी एकदा शांतपणे हे समजलेलं असावं, एवढी माझी इच्छा आहे.

पुस्तक वाचताना संगणक शेजारी हवा. साधा लिनक्स, जीसीसी आणि क्लँग एवढं पुरे. जीफोर्ट्रान आणि इंटेलचा फोर्ट्रान कम्पायलरही फुकट मिळतात. पहिल्या तीन प्रकरणांत नवा प्रोग्रॅम जवळजवळ लिहायचाच नाही. एनएमने नावांची यादी पाहायची, सीप्लसप्लसफिल्टने गुंफलेली नावं उलगडायची, रीडएल्फ आणि ऑब्जडंपने फायलीच्या आत डोकावायचं, एलडीडीने कोणती सामायिक लायब्ररी खरोखर उचलली जाते ते तपासायचं. ही सवय लागल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाचव्या प्रकरणात मुद्दाम मोडलेल्या जोड्या दिल्या आहेत. त्या सगळ्या बिनतक्रार जोडल्या जातात आणि चुकीची उत्तरं देतात. उत्तर चुकीचं आहे हे आधी ओळखायचं, मग कारण शोधायचं.

शेवटचं प्रकरण एमपीआयवर आहे आणि ते पुढच्या आवृत्तीत बदलावं लागेल. एमपीआयचं मानक बराच काळ फक्त मूळ प्रोग्रॅमच्या पातळीवर होतं. संवादगटाची ओळख एमपीआयसीएच या एमपीआय लायब्ररीत साधा पूर्णांक होती, ओपन एमपीआय या दुसऱ्या लायब्ररीत पॉइंटर. त्यामुळे एकाने बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. २०१३ साली एमपीआयसीएच, इंटेल, क्रे आणि इतर काहींनी आपापसांत बायनरी जुळणी ठरवली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एमपीआयच्या पाचव्या मानकाने पहिल्यांदाच सर्वांसाठी एक एबीआय लिहून दिला. तो सगळ्या यंत्रांवर पोचायला वेळ लागेल, आणि तोवर जुन्या लायब्रऱ्यांवरच कामं चालतील. म्हणून दोन्ही पद्धती इथे पूर्ण दिल्या आहेत, जुनी आधी.